हे पेपर तुमचे आहेत का?

३ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

तू माझे मेल उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. पाकिटावरचा पत्ता तुझ्या वहिनीच्या हातचा आहे. तिचं अक्षर बघून तरी तू ते फोडशील, एवढी तुझी ओळख मला अजून आहे.

काल नोंदणी कार्यालयातल्या बाईंचं पत्र आलं. कुणी कुठला संशोधनाचा पेपर लिहिला आणि पुढे किती जणांनी आपल्या पेपरांत त्याचा दाखला दिला, म्हणजे त्याला सायटेशन किती मिळाली, याची मोजदाद ठेवणारं ते कार्यालय. बाई लिहितात, 'आपल्या नावे असलेल्या अठ्ठावन्न पेपरांपैकी एकवीस पेपर आपले नसून स्वतःचे असल्याचा दावा एका व्यक्तीने केला आहे.' एका व्यक्तीने! सख्ख्या भावाला 'दादा, एवढं कर' म्हणायचं सोडून तू अर्ज केलास. आईच्या कानावर घातलं नाही अजून. तिला वाईट वाटेल.

हा घोळ कसा झाला ते तुला ठाऊक आहे. आपलं आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक, पेपरवर छापतात तेही तेवढंच, आणि त्या वर्षांत कामाचा पत्ताही एक, कारण मीच तुला आमच्या संस्थेत चिकटवलं होतं. यंत्राला काय कळतंय भाऊ कोण नि बहीण कोण! त्याने तुझे संगणकाचे एकवीस आणि माझे रेणवीय जीवशास्त्राचे सदतीस उचलून एकाच माणसाच्या नावावर टाकले. त्यातून एक असा विद्वान तयार झाला, जो सकाळी प्रोग्रॅम लिहितो आणि दुपारी पेशी फोडतो. लोकांना तो भलताच आवडला. दोन्ही शास्त्रांत पाय असलेला माणूस म्हणून त्याला भाषणांना बोलावतात. मी जातो, एवढाच माझा गुन्हा. बाकी यात मी बोटसुद्धा लावलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आमचे मोठे साहेब निवृत्त होताहेत. बारा एप्रिलला निवड समिती बसतेय आणि संचालकपदासाठी दोनच नावं आहेत. दुसऱ्याची सायटेशन सात हजार, माझी अकरा हजार सहाशे चाळीस. तू तुझे पेपर काढून घेतलेस तर काय उरतं, ते मी इथे लिहीत नाही, तू गणितात हुशार आहेस. बारा एप्रिलपर्यंत अर्ज मागे घे. मग हवं तर पुन्हा कर, मी स्वतः सही करीन. तू दहा वर्षं शाळेत पोरांना संगणक शिकवतेस. तुझ्या मुख्याध्यापिकेला सायटेशन म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?

आईचं विसरणं वाढलंय. पण तुला विसरत नाही. रोज विचारते, मुंगी कधी येणार. पत्राचं उत्तर आलं की सांगतो म्हटलंय.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

चार ओळी लिहायला तू सोळा दिवस घेतलेस. त्या चार ओळी मी इथे उतरवतो, म्हणजे तुलाच कळेल कशा दिसतात: 'दादा, वीस मार्चला माझी मुलाखत आहे. संशोधनाची जागा आहे, कायमची. तिथल्या लोकांनी माझं नाव शोधलं तर शून्य पेपर निघाले. एवढं फक्त सरळ कर, बाकी मला काही नको.'

'बाकी काही नको' म्हणे. ताकाला जाऊन भांडं लपवणं तुला कधीच जमलं नाही. मुंगे, तू आता चव्वेचाळीस वर्षांची आहेस. या वयात पुन्हा मुलाखती देत हिंडणार? तिथे समोर तुझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची माणसं बसलेली असतील. हसतील तुला. मला ते सहन होणार नाही म्हणून सांगतो.

आणि अकरा वर्षांपूर्वीचं तेच तेच किती दिवस उगाळणार? तुझी कायमची जागा गेली, कारण समितीला तुझ्या नावावर पेपर दिसले नाहीत. कबूल. पण त्यात माझा काय दोष? मला कुणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?

चाळणी तू लिहिलीस, हे मी कुठे नाकारतो? घरी आईच्या खाटेला टेकून, मांडीवर पाट आणि पाटावर संगणक ठेवून लिहिलीस, मी पाहिलंय. माणसाच्या जनुकांची ती कोट्यवधी मण्यांची माळ, तिच्यातला बिघडलेला मणी कितव्या घरात आहे ते शोधून काढणारा तो प्रोग्रॅम. आई स्वयंपाकघरात पीठ चाळत होती म्हणून तू त्याला चाळणी नाव दिलंस. आम्ही लॅबमध्ये हसलो होतो. आज त्या एका पेपरला नऊ हजार आठशे सत्तर सायटेशन आहेत आणि आता कुणी हसत नाही. पण हेही आठव, की तो जर्नलला पाठवायच्या आठवड्यात आईला घेऊन तू दवाखान्यात होतीस. शेवटचा हात कुणी फिरवला? तक्ता कुणी नीट केला? पाकीट कुणी बंद केलं? मीच ना? मग थोडी माझी नाही का ती?

आणि ते 'एक मिळवायचं' प्रकरण सहीखाली पुन्हा का काढलंस? ते तेव्हाच मिटलं. मी तुला सांगितलं होतं मिटलं म्हणून.

अर्ज मागे घे. आईची तब्येत तुझ्या हट्टापेक्षा मोठी आहे.

दादा

१० मार्च

मुंगे,

तू अर्ज मागे घेत नाहीस असं बाईंनी कळवलं. मग माझाही नाइलाज झाला. साठ दिवसांत मला उत्तर देणं भाग होतं, नाहीतर पेपर आपोआप तुझ्याकडे गेले असते. म्हणून परवा उत्तर दिलं. 'सदर पेपर माझे आहेत, दाव्याची चौकशी व्हावी.' चौकशीला चार-पाच महिने लागतात. यात रागावण्यासारखं काही नाही. कामाची रीत आहे ती.

तू बाईंकडून जुनी नोंद मागवलीस, हे मात्र मला लागलं. आता कळलंच आहे तुला, तर माझ्या तोंडून ऐक. पहिल्या पत्रात मी बोट लावलं नाही असं लिहिलं होतं. लावलं होतं. अकरा वर्षांपूर्वी यंत्राने मला विचारलं होतं. पडद्यावर पेपरचं नाव येतं आणि खाली प्रश्न, 'हा पेपर तुमचा आहे का?' हो, नाही, अशी दोन बटणं. पहिला पेपर तुझा आला. मी थांबलो, खरंच थांबलो. दुसरा तुझा, तिसरा तुझा. मग खालच्या कोपऱ्यात एक तिसरं बटण दिसलं, 'सर्व माझे'. लॅबमध्ये नळ गळत होता, मदतनीस बाई शीतपेटीचं दार उघडं ठेवून गेल्या होत्या, ते बंद करायला उठायचं होतं. मी ते बटण दाबलं आणि उठलो. एका क्षणाचं काम. त्याला तू आयुष्यभराचं नाव देऊ नकोस.

दुसरं, घरी फोन करू नकोस. परवा तुझ्याशी बोलून झाल्यावर आई दुपारभर कपाट आवरत बसली, मुंगी येणार, तिच्यासाठी जागा करते म्हणून. माझे कोट काढून जमिनीवर टाकले. डॉक्टरांनी सांगितलंय तिला गोंधळात टाकायचं नाही. तुझी वहिनी म्हणते, फोन द्यावा. पण आई माझ्या घरी आहे आणि निर्णय मी घेतो. प्रकरण मिटलं की रोज बोल.

दादा

२४ मार्च

प्रिय मुंगे,

ऐकलं. तुला ती जागा मिळाली नाही, वाईट वाटलं.

तुला वाटेल मला इतक्या लवकर कसं कळलं. त्या समितीचा अध्यक्ष माझ्याच वर्गातला. मुलाखत संपल्यावर त्याने फोन केला. म्हणाला, 'अरे, एक बाई आली होती, तुझ्या आडनावाची. म्हणते चाळणी मी लिहिली. कोण रे ही?' मी म्हटलं, 'बहीण माझी.' तो म्हणाला, 'मग खरं आहे का?'

आता तूच सांग, मी काय म्हणणार होतो? चौकशी चालू, बारा एप्रिल तोंडावर. मी म्हटलं, 'ती तेव्हा माझ्या हाताखाली होती. मदत करायची. फार मन लावून करायची.' तुझी स्तुतीच केली मी. नीटनेटकी आहे म्हटलं, वेळेवर येते, टायपिंग उत्तम. 'मधे बरेच दिवस आजारपण काढलंय घरात, त्यामुळे थोडं मनावर घेते,' असंही म्हटलं, म्हणजे त्याने तुझ्याविषयी खोटारडी असा ग्रह करून घेऊ नये. तो म्हणाला, 'समजलं. बिचारी.' मागच्या खेपेलाही मी एवढंच म्हणालो होतो, आणि त्यांनीही असंच समजून घेतलं होतं.

तुझं पत्र कालच मिळालं. एकच वाक्य. 'मागच्या वेळी तुला कुणी विचारलंच नव्हतं ना, दादा?' ते तू मुलाखतीत कळून लिहिलंस की उगाच अंधारात दगड मारलास, ठाऊक नाही. लागला, एवढं खरं. विचारलं होतं. पण तुला सांगून तुझं मन कशाला मोडायचं म्हणून तेव्हा बोललो नाही. मोठ्या भावाला बऱ्याच गोष्टी गिळाव्या लागतात.

शाळेची नोकरी सोडली नाहीस ना? ती सोडू नकोस. पेन्शन आहे तिथे.

दादा

१३ एप्रिल

प्रिय मुंगे,

झालो. आनंदाची बातमी घरच्यांना आधी सांगावी म्हणून सकाळीच लिहायला बसलोय. खोली मोठी आहे, दोन खिडक्या, मागे पुस्तकांची भिंत. खुर्ची मात्र कुरकुरते. मोठे साहेब बावीस वर्षं तिच्यात बसले, तेल घालायचं कुणाला सुचलं नाही. दारावरची पाटी उद्या येते.

काल निवडीनंतर छोटासा समारंभ झाला. आईला नेलं होतं. पहिल्या रांगेत बसवली, नवं लुगडं नेसवून. मोठे साहेब बोलायला उठले. 'अकरा हजार सहाशे चाळीस सायटेशन! आणि त्यांत मुकुटमणी म्हणजे चाळणी!' टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्याबरोबर आई मोठ्याने म्हणाली, 'ते मुंगीचं ना रे?'

सगळी खोली हसली. म्हाताऱ्या माणसाचं काय घ्यायचं मनावर! मीही हसलो. पण ती गप्प बसेना. 'ते मुंगीचं आहे, माझ्या खाटेपाशी बसून केलंय तिने,' असं शेजारच्या उपसंचालकबाईंना सांगायला लागली. तुझ्या वहिनीने तिला पाणी पाजायला बाहेर नेलं आणि तिथूनच रिक्षा करून दोघी घरी गेल्या.

मी काही तुझं वाईट चिंतत नाही. उलट आता हातात अधिकार आहे. आमच्या ग्रंथालयात नोंदी लावायला माणूस हवाय. तात्पुरती जागा आहे, पण माझ्या शब्दावर होईल. आईही भेटेल रोज. विचार करून बघ. भावाच्या हाताखाली काम करायला लाज कसली? पूर्वीही केलंसच की.

तुझा,
दादा (आता संचालक, हसू नकोस)

६ मे

माझ्या लाडक्या मुंगे,

गेले काही दिवस मला झोप नाही. स्वतःकडे बघून बघून एका निर्णयाला आलोय आणि तो ऐकून तुला बरं वाटेल.

जे ज्याचं, ते त्याला मिळायला हवं. मी तुझ्यावर अन्याय केला. काय लपवायचं? मी काल नोंदणी कार्यालयाच्या त्या पानावर जाऊन तुझ्या एकवीसच्या एकवीस पेपरांवर 'नाही, माझे नाहीत' असं दाबलं. चौकशी नको, काही नको, सगळं तुझं. बाईंनाही लिहून कळवलं. आता पेपर तुझ्याकडे यायला एकच पायरी उरलीय. तुला तोच प्रश्न येईल, 'हा पेपर तुमचा आहे का?' तू 'हो' म्हण. कोपऱ्यातलं 'सर्व माझे' दाबलंस तरी चालेल, एका क्षणाचं काम आहे. फक्त ते एकोणीस तारखेच्या सोमवारच्या आत कर. नियम असा आहे, की दोघांनीही नाही म्हटलं, किंवा मुदतीत दुसऱ्याचं उत्तरच आलं नाही, तर पेपर आधी ज्याच्या नावावर होते त्याच्याकडे परत जातात. मग माझी इच्छा असूनही मला काही करता येणार नाही. नऊ हजार आठशे सत्तर सायटेशनची चाळणी, मुंगे! तुझ्या नावावर! कुठेही ताठ मानेने अर्ज कर. मी शिफारस लिहितो, आजच लिहितो.

तुला वाटेल दादाला एकदम काय झालं. वय झालं, दुसरं काय! खुर्ची मिळाली की माणसाला कळतं, तिच्यात काही नसतं.

बाकी इथे नेहमीचंच. कुठल्याशा लॅबमधल्या एका नवशिक्या मुलीने जर्नलला काहीतरी पत्र पाठवलंय म्हणे, चाळणीच्या तक्त्याविषयी. किरकोळ असेल. लेखकाने उत्तर द्यायचं असतं अशा वेळी. तू सहज देशील.

सोमवारच्या आत, हं. आईचा नमस्कार, म्हणजे आशीर्वाद. बघ, माझंही डोकं ठिकाणावर नाही. घरी फोन कर कधीही. आता काही अडचण नाही.

तुझाच,
दादा

१० मे

मुंगे,

मी तीन पानं लिहिली आणि तुझं उत्तर काय, तर 'कुठला तक्ता?' फक्त दोन शब्द. तुला माहीत आहे कुठला.

ठीक आहे. तू माझ्या तोंडूनच वदवून घेणार, तर ऐक.

तुम्ही संगणकवाले शून्यापासून मोजता. तुझ्या लेखी रांगेतला पहिला माणूस शून्य नंबरचा. आम्ही पेशीवाले साधी माणसं, एकापासून मोजतो. चाळणीच्या पेपरला शेवटी एक तक्ता होता, त्या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराची दोनशे चौदा बिघडलेली घरं त्यात दिली होती. तू दवाखान्यात होतीस. मी तो तक्ता पाहिला आणि म्हटलं, ही वेडी शून्यापासून मोजते, जर्नलमध्ये आपलं हसं होईल. म्हणून मी प्रत्येक आकड्यात एक मिळवला. दोनशे चौदा वेळा, हाताने. तुला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मोठा मी होतो.

तू आधीच एक मिळवला होतास. जीवशास्त्रवाले वाचणार म्हणून. मग माझा एक वर चढला आणि सगळी घरं एकेकाने पुढे सरकली.

पेपर छापून आल्याच्या चौथ्या दिवशी तुझी चिठ्ठी आली होती. 'दादा, तक्ता सरकलाय, दुरुस्ती छापायला पाठव, पत्रव्यवहार तुझ्या नावाने आहे. उशीर करू नकोस, लोक वापरायला लागतील.' मी तुला म्हणालो, पाठवली. पाठवली नव्हती. ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे, जुन्या लॅबमधून या खोलीत मी स्वतः आणलीय, फाडायला हात धजला नाही. तू म्हणशील का नाही पाठवलीस. चूक कुणाची, असं पहिलं विचारतात म्हणून. पहिल्याच वर्षी तीनशे सायटेशन आली होती, आणि कुणी तक्त्याकडे बघत नव्हतं म्हणून. झाकली मूठ राहू द्यावी असं वाटलं. तुला वाटलं छापून आली असेल. तू शाळेत गेलीस आणि जर्नल बघायचं सोडलंस, त्याला मी काय करू?

लोक तक्त्याकडे बघत होते, हे मला गेल्या महिन्यात कळलं. सतरा दवाखाने तो लावून तपासण्या करतात. त्या मुलीने सरळ लिहिलंय, काही घरांतल्या माणसांना 'तुम्हाला आजार नाही' असं सांगितलं गेलं आणि तो होता. तिने आकडा दिलाय. मी तो वाचला आणि कागद उलटा ठेवला.

आता शांतपणे विचार कर. पेपर माझ्या नावावर असताना हे बाहेर आलं, तर महिन्याभराचा संचालक रस्त्यावर येईल. चौकशी, वर्तमानपत्रं, सगळं आलंच त्यामागून. तुझ्या नावावर असला तर? एका शाळामास्तरणीची तरुणपणातली चूक. कोण विचारतंय? दोन ओळींचं क्षमापत्र, की संपलं. आणि चाळणी खरोखर तुझीच आहे, हे तर तू स्वतःच सगळ्यांना ओरडून सांगत होतीस. मी तुझंच म्हणणं मान्य करतोय. घे ना मग. तुझ्या घशाखाली आता का उतरत नाही?

मी कठोर लिहिलं असेन.

दादा

२० मे

मुंगे,

बाईंचं पत्र आज आलं. 'संबंधित व्यक्तीने एकवीसही पेपरांना "माझे नाहीत" असे उत्तर दिले आहे. नियमानुसार सर्व पेपर आपल्या नावे कायम करण्यात येत आहेत. यापुढे हा विषय बंद समजावा.' खाली शिक्का आहे. जर्नलनेही काल पत्र पाठवलं, 'लेखक या नात्याने आपला खुलासा आठ दिवसांत पाठवावा.' लेखक या नात्याने! पत्र माझ्या आधी उपसंचालकबाईंनी फोडलं. आता मी कुठल्याही खोलीत शिरलो की बोलणं थांबतं.

आणि तुझी चिठ्ठी. ती मी इतक्यांदा वाचलीय की पाठ झालीय. तरी उतरवतो, माझ्यावर विश्वास बसावा म्हणून.

'दादा, तक्त्याविषयी जर्नलला आणि सतराही दवाखान्यांना मी परवाच कळवलं. कुठली घरं सरकली आहेत आणि सरळ कशी करायची, ते सगळं लिहून दिलं, म्हणजे लोकांना फेरतपासणी करता येईल. लेखक म्हणून नाही लिहिलं. खाली "एक वाचक" अशी सही केली. पेपरांचं म्हणशील तर बाईंनी सांगितलं, तसं एकदम नाकारायचं बटणही आहे. मी एकेक करून नाकारले. नावं वाचायची होती शेवटची. चाळणी एकविसावी आली. आईला न्यायला शुक्रवारी येते. तिच्या गोळ्यांची यादी वहिनीकडून लिहून घेतली आहे, तू काही करू नकोस.'

एकवीस वेळा नाही म्हणालीस. हात कसा उचलला गं तुझा? ते लिहायला सात वर्षं घातलीस, लग्नाचं वय घातलंस, त्या एका चाळणीपायी माझ्याशी वैर घेतलंस, आणि नाही म्हणालीस? माझ्या सदतीस पेपरांची सायटेशन किती आहेत ते कधी तुला सांगितलं नाही. सहाशे बारा. सगळी मिळून, तीस वर्षांची. तेवढाच मी. तेवढ्यावर राहिलो असतो तर आज कुणी माझ्या वाटेला गेलं नसतं. तुला हे ठाऊक होतं. म्हणून तू मला तुझं सगळं देऊन टाकलंस. असा सूड शत्रू घेत नाही.

खुलाशाला अजून सात दिवस आहेत. बाईंना फोन कर, चुकून दाबलं म्हण. मी पाया पडतो. जगासमोर पडतो, समितीसमोर पडतो, त्या अध्यक्षाला सांगतो की मी खोटं बोललो. ग्रंथालयाचं बोललो तेही मनावर घेऊ नकोस. आईला ने, रोज फोन कर, काहीही कर. फक्त एकदा हो म्हण.

आईला शुक्रवार कळत नाही. पिशवी भरून सकाळपासून दाराजवळच्या खुर्चीत बसलीय. वहिनी तिच्याशेजारी आहे, माझ्याकडे बघत नाही. मी हे पत्र लिहितोय ते बघून आईने विचारलं, कुणाला लिहितोस. म्हटलं, मुंगीला.

'तिचं काही राहिलंय का तुझ्याकडे?' आई म्हणाली. 'तिचं तिला देऊन टाक, बाबा.'

'देतोय गं,' मी म्हटलं. 'ती घेत नाहीये.'

दादा